वस्तु कीं केवळ ज्ञान ?

शाळेंतील शिक्षकाची खरी परीक्षा विद्यार्थ्यांच्या उत्तरांत होत नसून त्यांच्या प्रश्नांत होते, असें आमचें पुष्कळ दिवसांचें मत आहे. ठराविक प्रश्नास ठराविक उत्तर देण्यास पुस्तक पुरतें. परंतु पुस्तकाच्या शेवटच्या ओळीपलीकडून एखादा प्रश्न आला, म्हणजे शिक्षकाच्या विद्येचें घर स्वतःचें किती व भाड्याचें किती, हें तत्काळ उघडकीस येतें. कांहीं वर्षांपूर्वीं अणूच्या रचनेचा धडा चालला असतां मागल्या बांकावरील एका मुलानें उठून आम्हांस विचारलें, “सर, इलेक्ट्रॉन येथें सांपडण्याचा संभव इतका आणि तेथें सांपडण्याचा संभव तितका, असें आपण सांगितलें. पण हा संभव इलेक्ट्रॉनाचा कीं आपला ? तो कोठें तरी नक्की आहे आणि आपल्याला तेवढें ठाऊक नाहीं, असें समजायचें, कीं त्याचें स्वतःचेंच तसें आहे ?” तास संपावयास पांच मिनिटें उरलीं होतीं. हा प्रश्न परीक्षेस येत नाहीं, असें आम्हीं उत्तर दिलें. वर्ग हंसला, मुलगा खालीं बसला आणि धडा वेळेवर पुरा झाला.

त्या हंसण्यास कारण आम्ही झालों, ही गोष्ट आम्हांस आजही बोंचते. कारण त्या मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. आइन्स्टाइन, बोर, श्रोडिंगर यांच्यासारख्यांस ज्यानें जन्मभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं आणि ज्याचा निकाल अद्यापही लागलेला नाहीं, तोच हा प्रश्न होता. शाळेच्या वार्षिकांत इतक्या अवघड विषयास जागा कशाला, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, शास्त्र सृष्टीविषयीं कांहीं सांगतें कीं केवळ आपल्याविषयीं, हें ज्या प्रश्नावर अवलंबून आहे तो प्रश्न शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून चालावयाचें नाहीं. म्हणून त्या मुलास तेव्हां द्यावयाचें राहिलेलें उत्तर, उशिरानें कां होईना, येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडूं. १९२५ सालीं हायझेनबर्ग यांनीं आणि १९२६ सालीं श्रोडिंगर यांनीं अणूच्या अंतर्भागाचें जें नवें गणित बसविलें, त्यांत इलेक्ट्रॉनाची नक्की जागा व नक्की वेग असे दोन आंकडे एकाच वेळीं मांडण्याची सोय नाहीं. त्यांच्या ऐवजीं एक गणिती राशि असते. तिला कोणी तरंगफलन म्हणतात, कोणी क्वांटम-स्थिति म्हणतात. आम्ही येथें तिला नुसती ‘स्थिति’ म्हणूं. श्रोडिंगर यांस आरंभीं वाटत होतें कीं, ही लाट खरोखरीची असून इलेक्ट्रॉनाचा विद्युद्भारच तींत पसरलेला असतो. परंतु त्याच वर्षीं माक्स बॉर्न यांनीं दाखविलें कीं, या राशीच्या मूल्याचा वर्ग केला म्हणजे त्या त्या जागीं इलेक्ट्रॉन सांपडण्याचा संभव मिळतो. गमतीची गोष्ट अशी कीं, हा ‘वर्ग’ बॉर्न यांच्या मूळ निबंधांत नव्हता. छपाईच्या वेळीं त्यांनीं तो तळटीपेंत घातला. पुढें १९५४ सालीं त्यांस जें नोबेल पारितोषिक मिळालें तें विशेषेंकरून याच अर्थनिर्णयासाठीं होय. एका तळटीपेची एवढी योग्यता असूं शकते, हें आमच्या घाईनें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

गणित बिनचूक आहे, याविषयीं कोणाचाही वाद नाहीं. लेसर, संगणकांतील अर्धसंवाहक, रुग्णालयांतील एम. आर. आय. यंत्र, हीं सर्व या गणिताच्या आधारानेंच समजलीं व साधलीं. वाद एवढाच कीं, ही ‘स्थिति’ म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या अंगीं असलेली कांहीं गोष्ट, कीं इलेक्ट्रॉनाविषयीं आपणांस जें ठाऊक आहे त्याची केवळ नोंद ?

ज्ञानपक्षाचें म्हणणें आधीं ऐकूं, कारण तें ऐकतांक्षणींच पटण्याजोगें आहे. शालान्त परीक्षेच्या निकालाच्या आदल्या रात्रीं घरोघरीं काय चालतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वडील म्हणतात, मुलगा उत्तीर्ण होण्याचा संभव बारा आणे. आई म्हणते, सोळा आणे. मुलगा स्वतः आठ आण्यांवर येऊन थांबतो. दुसऱ्या दिवशीं निकाल कळतो आणि हे तिन्ही आंकडे एका क्षणांत नाहींसे होऊन त्यांच्या जागीं एक निश्चित गोष्ट येते. पण म्हणून त्या क्षणीं गुणपत्रिकेंत कांहीं उलथापालथ झाली काय ? मुळींच नाहीं. गुण आधींच पडलेले होते. बदललें तें घरच्या माणसांचें ज्ञान. शिवाय तिघांचे आंकडे तीन असले म्हणून घरांत मुलगे तीन होते, असेंही नव्हे.

आतां क्वांटमशास्त्रांतील मोठमोठीं कोडीं या दृष्टीनें पाहिलीं म्हणजे कशीं विरघळतात पाहा. मापन केल्याबरोबर पसरलेली स्थिति एका ठिकाणीं गोळा होते, असें गणित सांगतें. ती कशी गोळा होते, किती वेगानें होते, असें विचारणाऱ्यास ज्ञानपक्ष म्हणतो, निकाल कळतांच वडिलांचे बारा आणे ज्या वेगानें गोळा झाले त्याच वेगानें. १९३५ सालीं श्रोडिंगर यांनीं पेटींत कोंडलेल्या मांजराचें उदाहरण दिलें. गणिताप्रमाणें तें मांजर जिवंत व मृत या दोहोंच्या संमिश्र स्थितींत राहतें. ज्ञानपक्ष म्हणतो, मांजर जें असेल तें आहे. मिश्रण आपल्या माहितीचें आहे. आणखी एक अडचण आहे. एका इलेक्ट्रॉनाची लाट आपल्या लांबी-रुंदी-उंचीच्या जगांत कल्पितां येते. परंतु तीन इलेक्ट्रॉनांच्या लाटेस नऊ परिमाणांचें अवकाश लागतें आणि शंभरांच्या लाटेस तीनशेंचें. आपण ज्या अवकाशांत राहतों त्यांत जी मावतच नाहीं, तिला वस्तु तरी कसें म्हणावें ?

या पक्षास अलीकडे मोठें बळ मिळालें तें कॅनडांतील रॉबर्ट स्पेकेन्स यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका कल्पित खेळण्यानें. चार खण आहेत व त्यांपैकीं एकांत गोटी आहे. नियम एवढाच कीं, गोटी अमुक दोन खणांपैकीं एकांत आहे, याहून अधिक माहिती कोणासही केव्हांही मिळूं नये. एवढ्या एका नियमांतून क्वांटमशास्त्रांतील कित्येक ‘चमत्कार’ आपोआप निघतात. एक गोष्ट तपासली कीं दुसरीविषयींची माहिती निरुपयोगी होते. अज्ञात स्थितीची हुबेहूब नक्कल कोणास काढतां येत नाहीं. लाटांच्या परस्परांवरील परिणामासारखेंही कांहीं दिसूं लागतें. आणि हें सर्व चालू असतां गोटी मात्र निमूटपणें एका खणांत बसलेली असते ! तेव्हां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास उत्तर मिळालें. इलेक्ट्रॉन कोठें तरी नक्की आहे, आणि संभव आपला आहे, असें म्हणून येथेंच थांबावें, असा मोह कोणासही होईल.

परंतु येथें थांबतां येत नाहीं. त्याचें कारण १९६४ सालीं जॉन बेल यांनीं दाखविलें. बेल हे मूळचे बेलफास्टचे. त्यांची नोकरी जिनीव्हाच्या सर्न संस्थेंत होती आणि हा विचार त्यांनीं रजेवर असतांना लिहून काढला. त्यांचा मुद्दा आमच्या आठवीच्या मुलांसही कळावा म्हणून तो परीक्षेच्याच भाषेंत सांगतों.

दोन मित्रांस दोन दूरच्या खोल्यांत बसविलें आहे. प्रत्येक खेपेस प्रत्येकास तीन प्रश्नांपैकीं कोणताही एक विचारावयाचा व त्यानें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर द्यावयाचें. कोणास कोणता प्रश्न येईल हें त्यांस आधीं ठाऊक नाहीं आणि एका खोलींतून दुसरींत निरोप जाण्यास वाट नाहीं. हजारों खेपा झाल्यावर असें आढळलें कीं, दोघांस एकच प्रश्न आला असतां त्यांचीं उत्तरें दरवेळीं जुळतात. कोणताही अनुभवी पर्यवेक्षक म्हणेल कीं, यांनीं उत्तरें आधीं ठरवून आणलीं आहेत. प्रत्येक खेपेस दोघांच्या खिशांत तीन उत्तरांची एकसारखी चिठ्ठी आहे. ठीक. आतां चिठ्ठींत उत्तरें तीन आणि शब्द दोनच. म्हणून निदान दोन उत्तरें सारखीं असलींच पाहिजेत. तीन प्रश्नांच्या जोड्या तीन होतात; त्यांपैकीं निदान एका जोडींत उत्तर सारखें आहे. तेव्हां दोघांस भिन्न प्रश्न आले असतांही उत्तरें सरासरीनें तीनांत एकदां तरी जुळलींच पाहिजेत. यांत पदार्थविज्ञान नाहीं. ही नुसती मोजदाद आहे.

पण निसर्ग हें ऐकत नाहीं. विशिष्ट रीतीनें एकत्र जन्मलेल्या दोन प्रकाशकणांस, एकमेकींशीं साठ अंशांचा कोन करणाऱ्या तीन दिशांनीं धरलेल्या पोलरॉइडांकरवीं ‘पार जातोस कीं नाहीं’ असें विचारलें, तर एकाच दिशेस दोघांचीं उत्तरें नेहमीं जुळतात. आणि भिन्न दिशांस तीं चारांत एकदांच जुळतील, असें क्वांटमगणित सांगतें. तीनांत एक कमींत कमी हवें, आणि गणित म्हणतें चारांत एक ! याच जातीचे प्रयोग अमेरिकेंत क्लाउझर व फ्रीडमन यांनीं १९७२ सालीं केले. फ्रान्समध्यें अॅस्पे यांनीं १९८२ सालीं प्रकाशकण वाटेंत असतांनाच प्रश्न बदलण्याची व्यवस्था केली. हॉलंडांतील डेल्फ्ट येथें २०१५ सालीं एकमेकांपासून १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांवर प्रयोग करून उरलेल्या मुख्य पळवाटाही बुजविल्या गेल्या. निकाल प्रत्येक वेळीं क्वांटमगणिताच्या बाजूनेंच लागला. क्लाउझर, अॅस्पे व झाइलिंगर यांस २०२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें याच कामासाठीं.

म्हणजे झालें काय ? दूरच्या मित्रास काय विचारलें याची दाद न घेतां ज्याच्या त्याच्या खिशांत राहणारी उत्तरांची चिठ्ठी नाहीं, हें सिद्ध झालें. लखोट्यांतील गुणपत्रिकेची आमची उपमा येथें फाटली. स्पेकेन्स यांचें खेळणेंही येथेंच अडतें. बेल यांनीं दाखविलेला हा प्रकार त्यांतून निघत नाहीं, आणि स्वतः स्पेकेन्स यांनीं तें मोकळेपणानें कबूल केलें आहे.

यापुढील घाव २०१२ सालीं प्युसी, बॅरेट व रुडॉल्फ या तिघांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रमेयानें घातला. यांतील टेरी रुडॉल्फ हे श्रोडिंगर यांचे नातू होत, हा योगायोग मोठा रम्य आहे. त्यांचा युक्तिवाद समजण्यासाठीं शाळेंतील दोन याद्या डोळ्यांपुढें आणा. एक गायनमंडळाची व दुसरी क्रिकेटच्या चमूची. एकच मुलगा दोन्ही याद्यांत असूं शकतो. म्हणून कोणत्या यादींतून त्याचें नांव पुकारलें गेलें, ही मुलाच्या अंगची गोष्ट नव्हे. उंचीचे रकाने मात्र असे कीं, दोन भिन्न रकान्यांत एकच मुलगा बसूंच शकत नाहीं. उंची त्याच्या अंगची आहे. तेव्हां कसोटी ही ठरली कीं, कणाची एकच खरी अवस्था दोन भिन्न ‘स्थितीं’खालीं येऊं शकते काय ? येत असेल तर स्थिति ही यादी. येत नसेल तर स्थिति ही उंची.

त्या तिघांनीं म्हटलें, दोन कण परस्परांशीं संबंध न ठेवतां तयार करावे. प्रत्येक ‘अ’ स्थितींत अथवा ‘ब’ स्थितींत. असे चार प्रकार होतात. योग्य रीतीनें निवडलेल्या अशा जोडीवर एक मापन असें करतां येतें कीं, त्याचे निकाल चार संभवतात आणि प्रत्येक प्रकारास त्यांपैकीं एक निकाल सर्वथा वर्ज्य असतो. आतां ‘अ’ व ‘ब’ यांस समाईक अशी एखादी खरी अवस्था असेल, तर केव्हां ना केव्हां दोन्ही कण त्या समाईक अवस्थेंत सांपडतील. तशा वेळीं चारांपैकीं कोणता प्रकार तयार केला होता हें यंत्रास कळण्यास कांहींच मार्ग नाहीं. तें जो निकाल देईल तो कोणत्या तरी प्रकारास वर्ज्य असलेलाच असणार. म्हणून जें कधींच घडावयाचें नाहीं तें अधूनमधून घडेल. गणित खरें मानलें तर हें होतां कामा नये. अर्थात् समाईक अवस्था नाहीं. स्थिति ही यादी नसून उंची आहे !

तथापि प्रमेयाचा पाया न पाहतां विजयाचा घोष करणें आमच्या शिकवणुकीस शोभणार नाहीं. या युक्तिवादांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक ही कीं, कणास आपली अशी कांहीं खरी अवस्था असते. दुसरी ही कीं, वेगवेगळे तयार केलेले दोन कण खरोखरच वेगवेगळे असतात. यांपैकीं एक सोडली कीं प्रमेयाची पकड सुटते. म्हणून आज तीन वाटा उघड्या आहेत व प्रत्येक वाटेवर जकात आहे. स्थिति खरी मानावी, तर एव्हरेट यांच्या १९५७ सालच्या मताप्रमाणें प्रत्येक संभव कोठें तरी खरा होतो असें मानावें लागतें; किंवा बोम यांच्या १९५२ सालच्या मताप्रमाणें दूरच्या कणांचा एकमेकांवर तत्काळ परिणाम होतो असें मानावें लागतें; किंवा १९८६ सालीं गिरार्डी, रिमिनी व वेबर यांनीं केला तसा श्रोडिंगर यांच्या समीकरणांतच थोडा फेरफार करावा लागतो. दुसरी वाट, खालीं कांहीं खरें आहे व स्थिति त्याविषयींचें ज्ञान आहे असें म्हणण्याची. तिच्यावर प्रमेय आडवें पडलेलें आहे. तिसरी वाट फुक्स, केव्हज व शाक यांनीं २००२ च्या सुमारास आंखली. ते म्हणतात, स्थिति ही वडिलांच्या बारा आण्यांसारखी प्रत्येकाची आपापली अपेक्षा होय; तिच्या खालीं लपलेली गुणपत्रिका शोधूंच नये. ही वाट दोन्ही प्रमेयांतून सुखरूप निघते. पण तिची जकात अशी कीं, शास्त्र इलेक्ट्रॉनाविषयीं बोलतें असा जो आमचा समज होता, त्यास पुष्कळच मुरड घालावी लागते.

आतां आमचा कौल. आम्ही संशोधक नव्हों. आम्ही शिकविणारे आहों. परंतु शिकविणाऱ्यासही मत असावें लागतें, कारण त्याच्या बोलण्यावरून मुलें हें ठरवितात कीं कोणते प्रश्न विचारण्याजोगे आहेत. आमच्या मतें स्थिति हें आपल्या अज्ञानाचें नुसतें माप नव्हे. तींत वस्तूचें कांहीं तरी उतरलेलें आहे. मोजणीदाराचा नकाशा म्हणजे शेत नव्हे, हें खरें. त्यांत ओल नाहीं, पीक नाहीं. पण नकाशांतील बांध मोजणीदाराच्या मनांतला नसतो. क्वांटम-स्थिति हा असा नकाशा आहे कीं, ज्याचीं प्रमाणें व खुणा आपणांस अजून वाचतां येत नाहींत.

याचें एक कारण पोलरॉइडाच्या दोन तुकड्यांनीं शाळेच्या प्रयोगशाळेंतही दाखवितां येईल. एका तुकड्यांतून आलेला प्रकाश त्याच दिशेनें धरलेल्या दुसऱ्यांतून पार जातो. पहिला तुकडा कोणत्या दिशेनें धरला होता हें दुसरा धरणाऱ्यास ठाऊक असो वा नसो, दिशा जुळली कीं प्रकाश जातोच. ज्ञान मोजणाऱ्याचें, पण खात्री कोणाची? ती प्रकाशाबरोबर चालत आली, असें आम्हांस वाटतें. तिसऱ्या वाटेचे लोक म्हणतील कीं, खात्री हीदेखील एक अपेक्षाच. त्यांचें म्हणणें तर्कास सोडून नाहीं. पण एवढ्या अपेक्षा इतक्या माणसांच्या हातून इतक्या नेमकेपणानें खऱ्या कां ठरतात, याचें समाधान त्यांत आम्हांस सांपडत नाहीं.

दुसरें कारण इतिहासाचें आहे. १५४३ सालीं कोपर्निकस यांचा ग्रंथ न्यूरेंबर्ग येथें छापला जात असतां, तेथील ओसिआंडर नांवाच्या धर्मोपदेशकानें त्यास स्वतःचें नांव न घालतां एक प्रस्तावना जोडली. तिचा मथितार्थ असा कीं, हीं गृहीतकें खरीं असण्याची गरज नाहीं, हिशेब जुळला म्हणजे पुरे. त्याचा हेतु भांडण टाळण्याचा असेल. परंतु आमच्याच पंथाच्या माणसानें ग्रंथकाराच्या माघारीं सत्याचा प्रश्न असा बाजूस सारला, याचें आम्हांस वाईट वाटतें. केप्लर यांनीं १६०९ सालीं ही गोष्ट जगजाहीर केली. सूर्य खरोखरीच मध्यें आहे असें धरल्यामुळेंच केप्लर यांस ग्रहांना फिरवितें कोण, असा प्रश्न पडला. पूर्वीच्या ज्योतिष्यांस चालून गेला असता असा अवघा आठ कलांचा फरक त्यांस सहन झाला नाहीं, आणि त्यांतून मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा हातीं आली. अणूंचीही तीच कथा. ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे रसायनज्ञ अणु ही सोयीची कल्पना समजत. पेरँ यांचे प्रयोग पुढें आल्यावर १९०९ च्या सुमारास त्यांनीं आपली चूक मान्य केली.

दुसरी बाजू लपवूं नये. एकोणिसाव्या शतकांत ईथर नांवाचें सर्वव्यापी द्रव्य खरें मानणारेही असेच थोर लोक होते. मायकेलसन व मोर्ले यांस १८८७ सालीं त्याची कांहींच चाहूल लागली नाहीं, आणि १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं त्याची गरजच काढून टाकली. वस्तूचा हव्यासही माणसास फसवितो. म्हणून आमचा कौल हा कौलच आहे. तो निवाडा नव्हे.

पण एका बाबतींत आम्हांस निवाडा देण्यास संकोच नाहीं. ‘हें काय आहे ?’ असा प्रश्नच विचारूं नये, हिशेब करून मोकळें व्हावें, ही शिकवण वाईट. बेल यांचें काम कित्येक वर्षें रिकामपणाचा उद्योग समजलें जात होतें. त्याच कामाच्या आधारें १९९१ सालीं एकर्ट यांनीं गुप्त संदेश पाठविण्याची अशी रीत सुचविली कीं, मध्येंच कान देणाऱ्याची चोरी उघडकीस यावी. भारत सरकारनें २०२३ सालीं सहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचें राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलें, त्यांतही अशा संदेशवहनास मानाचें स्थान आहे. जो प्रश्न निरुपयोगी म्हणून टाकून दिला होता त्याच्यावरच आज राज्यें पैसा लावीत आहेत. अर्थात् पैसा मिळतो म्हणून प्रश्न विचारावा असें नव्हे. परंतु निरुपयोगी म्हणून मुलाला खालीं बसविणाऱ्यांनीं, आणि त्यांत आम्ही आहोंच, हें मनांत ठेवावें.

शेवटीं आमच्या दोन प्रकारच्या मित्रांस एक विनंति. कांहीं उपदेशक म्हणतात कीं, पाहणाऱ्यावांचून जगास अस्तित्व नाहीं, असें क्वांटमशास्त्रानें ठरविलें. तेव्हां सर्व कांहीं पाहणारा देव सिद्ध झाला. कांहीं वेदान्ती बंधु म्हणतात कीं, जग ही माया आहे, हें आतां प्रयोगशाळेनेंही कबूल केलें. दोन्ही पक्षांनीं न मिळविलेलें द्रव्य खर्च करूं नये. मापनास मन लागतें असें या शास्त्रांत कोठेंही सिद्ध झालेलें नाहीं. छायाचित्राची कांच अथवा कण मोजणारें यंत्र तें काम रात्रीं रिकाम्या खोलींतही करितें. दोरीवर भासलेला साप दिवा आणल्यावर जातो व खालीं दोरी सांपडते. येथें दिवा आणल्यावर ओळखीची दोरी सांपडत नाहीं, हेंच तर कोडें आहे. आमच्या श्रद्धेचा पाया इलेक्ट्रॉनावर घातलेला नाहीं; घातला असता तर दर पंचवीस वर्षांनीं तो उकरावा लागला असता.

श्रद्धेनें आम्हांस या बाबतींत शिकविलें तें वेगळेंच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत आदाम पशुपक्ष्यांस नांवें देतो. नांवें त्याचीं, पशुपक्षी त्याचे नव्हत, ते त्याच्यापुढें आणले गेले. आमचीं समीकरणें हीं अशींच नांवें होत, आणि ज्यांस तीं दिलीं त्यांचा निर्माता आम्ही नव्हों. आणि थोमानें हात लावून पाहीन म्हटलें तेव्हां प्रभूनें त्यास घालवून दिलें नाहीं; हात पुढें करावयास सांगितलें. ज्या गुरूचें नांव आमची शाळा सांगते त्याची शंकेखोर शिष्याशीं वागण्याची रीत ही होती. आमची त्या दिवशींची रीत दुसरी होती.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत विचारलें तेवढेंच लिहा. तेथें हा निबंध उतरून काढाल तर गुण मिळावयाचे नाहींत. पण जो प्रश्न परीक्षेस येत नाहीं तो जगांत नाहीं, असें मात्र समजूं नका. आणि ज्यानें तो प्रश्न विचारला होता तो मुलगा आज कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. मुंबईस असेल, पुण्यास असेल, परदेशींही असेल. त्याच्या बाबतींत उत्तर सोपें आहे. तो कोठें तरी नक्की आहे, आणि संभव फक्त आमचा आहे. हें वार्षिक त्याच्या हातीं पडलें तर त्यानें शाळेंत यावें. त्या दिवशींचीं पांच मिनिटें आम्ही त्याचें देणें लागतों.